हे बरं दिसतं, की हे?

६ एप्रिल, सोमवार

भिंगांची कंपनी दरवर्षी मला एक दैनंदिनी फुकट पाठवते. आजवर ती दुकानातल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवायच्या कामी येत असे. यंदा मात्र तिच्यात लिहायची वेळ आली, कारण मनातलं गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही आणि घरी बोललं की बायको म्हणते, "हे काल बोललात तुम्ही."

तर झालंय असं, की आमच्या ठकूला दोन्हीकडून बोलावणं आलं. ठकू म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक, वय सोळा. आमच्याकडे उन्हाळी सुट्टी जून-जुलैत असते, तेव्हा हुशार मुलांना वेचून घेऊन शिकवणारे वर्ग असतात, त्यातल्या दोन नामांकित वर्गांना आम्ही अर्ज केले होते. एक डोंगरावरचा, गणिताचा. दुसरा विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतला. दोन्ही परगावी, दोन्ही सहा आठवडे, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे एकच निवडायचा, आणि तीस तारखेपर्यंत कळवायचं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! (चष्म्याच्या दुकानात ही म्हण म्हणू नका, गिऱ्हाईक दुखावतं, असं बायकोचं मत आहे. म्हणून इथे लिहिली.)

दोन्ही वर्गांचा पत्ता मला समोरच्या दंतवैद्याने दिला होता. त्याचा दवाखाना माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे आणि त्याचा मुलगा ठकूच्याच वर्गात. "डोंगरावर शंभरातले चार घेतात, चार!" असं त्याने सांगितलं तेव्हा किडलेली दाढ सापडल्यासारखा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. मला आयुष्यात कुणी शंभरातून काय, दोघांतूनही निवडलेलं नाही. दोन्हीकडची बोलावणी वाचून मी दुकानात मोठ्याने ओरडलो. एक बाई चौकट घालून बघत होत्या, त्या दचकल्या.

ठकूला सांगितलं तर म्हणाली, "छान." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, पाणीपुरवठा खात्याचा पण एक वर्ग आहे जुलैमध्ये. नदीवरच. पाणी कसं तपासतात ते शिकवतात."

मी म्हटलं, "तिथे कोणाकोणाला घेतात?"

"जो येईल त्याला."

"मग त्याला निवड म्हणत नाहीत ठकूबाई, त्याला गर्दी म्हणतात."

ती हसली. म्हणजे पटलं तिला. समजूतदार आहे पोरगी, माझ्यावर गेली आहे.

८ एप्रिल, बुधवार

आज पद्धतशीर विचारायचं ठरवलं. विचारणं हा तर माझा धंदाच आहे. माणसाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" मग ज्याला तो बरं म्हणेल त्याच्यासमोर तिसरी. असं करत करत मी पाव नंबरापर्यंत जातो. या गावात माझ्याइतका नेमका नंबर कुणी काढत नाही, हे मी नाही, गावच म्हणतं.

ठकू लहानपणी माझ्या काउंटरखाली खेळायची. बाहुल्यांना ओळीत बसवून त्यांच्या डोळ्यांसमोर बाटल्यांची झाकणं धरून विचारायची, "हे बलं की हे?" त्यामुळे पद्धत तिच्या ओळखीची आहे.

जेवण झाल्यावर तिला समोर बसवलं. आधी डोंगराची माहिती सांगितली, मग प्रयोगशाळेची. दोन्ही सारख्याच आवाजात, कुठेही जोर न देता. मग विचारलं, "डोंगर, की प्रयोगशाळा?"

"प्रयोगशाळा," ती म्हणाली. एका क्षणात!

काम झालं. उगीच दोन दिवस डोकं पिकवलं.

९ एप्रिल, गुरुवार

काम झालेलं नाही. दंतवैद्य चहाला आला होता. त्याला प्रयोगशाळेचं सांगितलं तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "प्रयोगशाळा वाईट नाही हो," तो म्हणाला, "पण तिथे शंभरातले दहा घेतात." वाईट नाही हो!  शंभरातल्या चारांत बसलेली मुलगी शंभरातल्या दहांत कशाला पाठवायची?

संध्याकाळी ठकूला परत बसवलं. सगळं नव्याने समजावलं. "घाई नको. प्रयोगशाळा, की डोंगर?"

"डोंगर."

"काल तर प्रयोगशाळा म्हणालीस."

"हो ना," ती म्हणाली. "डोंगरच बरा वाटतोय."

मुलींच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतात, ते खोटं नाही. तरी बरं, उत्तर पटकन देते. आजकालची मुलं तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतात.

१३ एप्रिल, सोमवार

आज दुकानात निवृत्त पोस्टमन आले होते. त्यांचा नंबर काढणं म्हणजे माझी परीक्षा. हे की हे विचारलं की ते नेहमी म्हणणार, "दुसरं." काचा अदलाबदल करून विचारा, तरी "दुसरं." अशी माणसं बरीच असतात. त्यांना खुर्चीत बसलं की शाळेत उभं राहिल्यासारखं वाटतं. आपण चुकीचं उत्तर देऊ, मग चष्मेवाला रागावेल. म्हणून जे शेवटी ऐकलं तेच बरं म्हणून मोकळं व्हायचं.

अशांसाठी माझी एक युक्ती आहे. तीच काच काढायची आणि तीच परत घालायची. "हे बरं, की हे?" पोस्टमन म्हणाले, "दुसरं! आत्ता कसं लख्ख!" झालं. मग समजायचं, की हा माणूस डोळ्यांनी उत्तर देत नाही, आपल्या तोंडाकडे बघून देतो. अशा वेळी मी विचारणंच बंद करतो आणि डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं हत्यार हातात घेतो. त्याच्या उजेडात समोरच्याला एक अक्षर न विचारता डोळा स्वतःच सगळं सांगतो. तान्ह्या बाळाचा नंबर असाच काढतात.

रात्री जेवताना ही गंमत घरी सांगितली. बायको हसली. ठकू हसली नाही. तिने विचारलं, "मग पोस्टमन आजोबा घाबरतात हे तुम्ही त्यांना सांगता का?"

मी म्हटलं, "छे! कशाला त्यांना ओशाळवायचं?"

१७ एप्रिल, शुक्रवार

स्वयंपाकघराच्या खिडकीत ठकूच्या बरण्या आहेत. काचेच्या बरण्या, आणि त्यांत पाणी. एक नदीच्या पुलाखालचं, एक बस डेपोमागच्या नाल्याचं, एक शाळेच्या टाकीचं. प्रत्येकीवर चिठ्ठी. दुकानातलं एक जुनं हातभिंग तिने मागून नेलं होतं, ते लावून ती अर्धा अर्धा तास या पाण्यात बघत बसते. एका बरणीत हिरवं काहीतरी धरलंय आणि त्याला वास येतो. मी बरेच दिवस सांगतोय, ऐकणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी, तेही नाल्याचं.

आज दुकान लवकर बंद केलं आणि खिडकी साफ केली. बायको पहाटेच्या पाळीला बेकरीत जाते, त्यामुळे दुपारी झोपलेली होती. सगळं पाणी मोरीत ओतलं, बरण्या घासूनपुसून ओळीत ठेवल्या. वाटलं, खूश होतील दोघी.

ठकू आली. खिडकीसमोर उभी राहिली.

"मोकळं वाटतं की नाही?" मी विचारलं.

"हो. छान झालं, बाबा."

मग दप्तर न काढताच आपल्या खोलीत गेली. अभ्यासाला लागली असावी. बायको उठून आली, खिडकी बघितली आणि चहा टाकला. माझ्या कपात साखर घालायची राहिली तिच्याकडून.

२१ एप्रिल, मंगळवार

बायकोशी वाजलं.

मी एवढंच म्हटलं, की ठकू रोज वेगळं उत्तर देते, कधी डोंगर, कधी प्रयोगशाळा, मी तरी काय करू? इकडे आड, तिकडे विहीर.

"तुम्ही तिला एकदा विचारा ना, काय हवंय ते."

"एकदा? अगं, सात वेळा विचारलं!"

"विचारलं नाहीत. तपासलंत."

 बेकरीवाल्यांना आपल्या धंद्यातलं कळत नाही. तपासणं आणि विचारणं यात फरक काय? मी तसं म्हटलं तर ती कणीक आपटावी तशी उशी आपटून म्हणाली, "तुम्ही दोन ताटं पुढे ठेवता आणि भूक आहे का ते विचारतच नाही." बेकरीत राहून राहून तिच्या डोक्यात सारखं खाणंच असतं.

तरी रागाच्या भरात नको, म्हणून आज मुद्दाम ठकूला शाळेतून आणायला गेलो. दोघं पुलावरून चालत आलो. मध्येच ती थांबली आणि कठड्यावरून वाकून बघायला लागली.

"पाणी खाली गेलंय बाबा. तो काळा दगड गेल्या आठवड्यात दिसत नव्हता. पाणी असं उथळ झालं की लवकर तापतं, मग हिरवं वाढतं, मग मासे…"

"ठकू, विषय बदलू नकोस. आज फक्त आपण दोघं आहोत. अगदी मनापासून सांग. डोंगर, की प्रयोगशाळा?"

तिने अजून एकदा खाली बघितलं. "प्रयोगशाळा," ती म्हणाली.

आता बोला. मनापासून विचारलं तरी हे असं.

२६ एप्रिल, रविवार

दंतवैद्याच्या मुलाला डोंगराने नकार दिला. त्याचाही अर्ज होता, त्याला आधी थांबा म्हणाले होते, आता थांबणंही संपलं. दंतवैद्य स्वतः सांगायला आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "तुमची नशीबवान आहे," म्हणाला. "आमच्याने दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता."

मला खरंच वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. दैनंदिनीत खोटं लिहून कुणाला फसवायचं?

पण आता प्रयोगशाळेचं नाव तोंडातून काढायची सोय राहिली नाही. दुसऱ्याच्या मुलाला जे मिळालं नाही ते आपण नको म्हणायचं? समोर राहतो तो माणूस. रोज सकाळी दोघांची दुकानं एकाच वेळी उघडतात.

मला भीती वाटते. ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. कुणाच्या चष्म्याचा नंबर चुकला तर काच बदलून देता येते. हे चुकलं तर काय बदलून देणार? सोळावं वर्ष एकदाच येतं. कुणीतरी मोठं, शहाणं माणूस यावं, माझ्या नाकावर चौकट चढवावी आणि सांगावं, हे घ्या, हे तुमच्यासाठी बरं.

३० एप्रिल, गुरुवार

शेवटचा दिवस. जेवणाच्या टेबलावर तिघंही. मी तोंड उघडायच्या आत ठकूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काहीतरी होतं, पण काय ते मला वाचता आलं नाही. लांबचं दिसतं मला, जवळचं धूसर झालंय हल्ली.

"मला…" मी म्हटलं, "मला वाटतं डोंगर."

"मग डोंगर," ठकू म्हणाली. "चालेल मला."

"चालेल की आवडेल?" बायकोने विचारलं.

"आवडेल," ठकू म्हणाली.

मी तिथल्या तिथे होकार कळवून टाकला. ठकूने ताटं उचलली. मग खिडकीतली एक बरणी घेतली, तिच्यात काही नव्हतं, मीच तर घासून ठेवली होती, तरी तिने ती परत धुतली आणि पालथी घातली. मग दुसरी. मग तिसरी. स्वच्छतेची सवय लागतेय, चांगलं आहे.

१४ जून, रविवार

ठकूला डोंगरावर पोचवून आलो. रस्ता वळणावळणाचा, बायकोला मळमळलं. लांबलचक पिवळी इमारत, पुढे फाटक, फाटकावर नियमांची पाटी. फोन फक्त रविवारी. मध्ये भेटायला यायचं नाही, मुलांचं लक्ष विचलित होतं. मध्ये सोडून गेल्यास पुन्हा प्रवेश नाही.

ठकूला खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून नुसता खडक दिसतो. वर्गाच्या प्रमुखबाई उंच, हसऱ्या, प्रत्येक वाक्यात एकदा "आपली निवडक मुलं" म्हणणाऱ्या. त्यांनी ठकूला विचारलं, "काही शंका?"

ठकू म्हणाली, "इथलं पाणी कुठून येतं?"

"नळातून!" बाई म्हणाल्या, आणि सगळे पालक हसले. मीही हसलो. ठकूही हसली.

निघताना बायकोने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी दोघींच्या बाजूला बॅग हातात धरून उभा होतो. बॅग ठेवून द्यायची होती, ते लक्षातच राहिलं नाही. फाटकापासून परत जाऊन द्यावी लागली.

परतीच्या वाटेवर बायको एकदाच बोलली. "तिने मागे वळून बघितलं नाही."

"म्हणजे रमली लगेच," मी म्हटलं.

२१ जून, रविवार

पहिला फोन. जेवण? छान. मैत्रिणी? छान. गणित? छान. झोप? छान. आवाज जरा बसलेला वाटला, डोंगराची हवा.

समोर दंतवैद्याला सांगितलं, सगळं छान आहे म्हणून. तो म्हणाला, त्याचा मुलगा पाणीपुरवठा खात्याच्या कुठल्याशा वर्गाला जाणार आहे पुढच्या महिन्यात, घरी बसून काय करायचं म्हणून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

२८ जून, रविवार

आज फोनवर नुसतं छान-छान नको म्हणून धंद्यातली युक्ती काढली. "पहिला आठवडा बरा गेला, की दुसरा?"

"दुसरा."

बघा! रुळतेय. बायकोला सांगितलं, तर ती पाव कापत होती ती कापतच राहिली.

५ जुलै, रविवार



फोन आला. मी विचारलं, "दुसरा आठवडा बरा, की तिसरा?"

"तिसरा."

मला इतका आनंद झाला की बायकोलाही ऐकवावं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि म्हटलं, "आईला पण सांग. काय म्हणालीस? तिसरा, की दुसरा?"

"दुसरा," ठकू म्हणाली.

 बायको माझ्याकडे बघायला लागली. फोनमध्ये ठकूच्या मागे कुठेतरी थाळ्यांचा आवाज येत होता.

"बाबा?" ठकू म्हणाली. "चुकलं का काही?"

"नाही बाळा. काही नाही चुकलं."

"तिसरा म्हणायचं होतं का?"

 फोन ठेवल्यावर मी ही दैनंदिनी काढली आणि एप्रिलची पानं उलटली. डोंगर की प्रयोगशाळा, तर प्रयोगशाळा. प्रयोगशाळा की डोंगर, तर डोंगर. पुलावर डोंगर आधी म्हटलं होतं मी, तर प्रयोगशाळा. सगळं माझ्याच अक्षरात. पोस्टमनचं उत्तर ओळखायला मला एक काच पुरली. इथे तीन महिने लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच.

माझी मुलगी माझ्या खुर्चीत बसून मला घाबरत होती, आणि मी तिला पटकन उत्तर देणारी समजत होतो.

६ जुलै, सोमवार

दुकान उघडलं नाही. प्रमुखबाईंना फोन केला. म्हटलं, माझी मुलगी तिथे खूश नाही असं वाटतं.

"अहो, काहीतरीच! ती तर आमची सगळ्यात शहाणी मुलगी. कशालाच नाही म्हणत नाही. एक तक्रार नाही तिची."

"तेच तर," मी म्हटलं.

"म्हणजे?"

 तक्रार नाही ही माझी तक्रार आहे, हे कुठल्या पाटीवर बसणार? बाईंनी नियम वाचून दाखवले. मग, मी फारच गयावया केली म्हणून, ठकूला अपवाद म्हणून फोनवर बोलावलं.

"ठकू," मी म्हटलं, "मी येऊ का न्यायला, की राहतेस?"

"राहते."

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की राहतेस हे मी शेवटी ठेवलं होतं. उलटं करून विचारलं असतं, राहतेस, की येऊ न्यायला, तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. आणि तेही खरं नसतं. म्हणून मी उलटं विचारलंच नाही. बाई बाजूलाच उभ्या असाव्यात, त्यांच्या खोकल्याचा आवाज आला.

बायकोला म्हटलं, "चल, आत्ता जाऊ, उचलून आणू."

ती भिंतीला टेकून बसली होती. "आणि मग? सगळ्यांच्या देखत बापाने उचलून नेलं, तेही चालेल म्हणेल ती." मग ती रडली. ती रडताना मी काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. पाण्याचा पेला घेऊन उभा राहिलो.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यात टाकायचा उजेड माझ्याकडे आहे. सोळा वर्षांच्या मुलीसाठी कुठून आणू?

९ जुलै, गुरुवार

दुपारी नदीवर गेलो होतो. पाणीपुरवठा खात्याचा वर्ग काठावरच भरतो. पंधरा-वीस मुलं गुडघाभर पाण्यात, हातात जाळ्या, अंगभर चिखल. त्यात दंतवैद्याचा मुलगाही होता. त्याला मी इतका हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचे दात चांगले आहेत हे मला आज कळलं.

शिकवणारा माणूस मला बघून वर आला. "कोणाला घ्यायला आलात?"

"नाही, सहज. नाव नोंदवायची मुदत संपली असेल ना?"

"मुदत कसली? कुणीही या. संपायला अजून पंधरा दिवस आहेत."

डोंगर सव्वीसला सुटतो. पंधरा दिवसांनी हे संपलेलं असेल. मी मान हलवली. त्याला वाटलं असेल, मला स्वतःलाच पाण्यात उतरायचंय. त्याने मला जाळी दिली. मी ती धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि परत दिली.

१२ जुलै, रविवार

सकाळी पुलाखाली उतरलो. जोडे भिजले. काळ्या दगडाजवळचं पाणी एका बरणीत भरलं, तळाशी थोडा गाळ आणि हिरवा तंतू येईल असं बघून. घरी आणून खिडकीत ठेवली. झाकण चांगलं पिरगाळून लावलं, वास येऊ नये म्हणून. बायकोने बघितलं, चिठ्ठी आणून दिली. मी तिच्यावर लिहिलं, पुलाखालचं, आजची तारीख.

फोन आला. मी ठरवलं होतं, आज एकही प्रश्न विचारायचा नाही. जेवणाचाही नाही. पण प्रश्न नाही तर मला बोलताच येत नाही असं दिसलं. बराच वेळ दोन्हीकडे शांतता. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मी तो ऐकत राहिलो.

शेवटी मी म्हटलं, "खिडकीत एक बरणी आहे. पुलाखालची. मी आणलीय. पाऊस नाही अजून, तो काळा दगड आता निम्मा बाहेर आलाय."

मी बसल्या जागेवरून खिडकीकडे बघितलं.

"आत काहीतरी हलतंय. पांढरं, बारीक. मला हातभिंगातूनही नीट दिसत नाही. ते काय आहे ते मला माहीत नाही."

 मला वाटलं, फोन तुटला.

"झाकण लावलंय?" ठकूने विचारलं.

"हो. घट्ट."

"नाही बाबा," ती म्हणाली. "घट्ट नाही लावायचं. मरतं ते."

आवाज बसलेला होता, पण नाही हा शब्द स्वच्छ ऐकू आला. मी फोन कानाला धरूनच उठलो, खिडकीपाशी गेलो आणि झाकण सैल केलं. तिला सांगितलं, सैल केलंय. ती रडायला लागली. मी का म्हणून विचारलं नाही. वेळ संपेपर्यंत ती रडत होती आणि मी बरणीजवळ उभा होतो.

अजून दोन आठवडे आहेत.